'वरून हसत होता, आतून रडत होता' हा फॉरवर्ड पुढे ढकलायच्या आधी जरा थांबा

ऑगस्टचा दुसरा आठवडा आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर रॉबिन विल्यम्स येतो. दरवर्षी. ब्लॅक अँड व्हाइट फोटो, डोळे पाणावल्यासारखे, खाली गुलाबाचं फूल, आणि मग तो लांबलचक मेसेज. यंदा चुलत सासऱ्यांनी टाकला, त्याच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला होता. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल (असे कोणी आहेत का?) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हॉलिवूडचा हा महान विनोदी नट अख्ख्या जगाला हसवायचा पण आतून रडत होता. पैसा, प्रसिद्धी, ऑस्कर सगळं होतं तरी डिप्रेशनने त्याचा जीव घेतला. कुणीतरी फक्त पाच मिनिटं मनमोकळं बोललं असतं तर तो वाचला असता. जे जास्त हसवतात तेच सगळ्यात जास्त दुःखी असतात. मग ती डॉक्टर आणि विदूषकाची गोष्ट, मग त्याचं म्हणून एक वाक्य, आणि सगळ्यात शेवटी 'अखेर तो मुक्त झाला'.

मी या माणसाची फॅन आहे हे आधीच सांगून टाकते. केबलवर हिंदीत डब केलेला जुमांजी बघून वाढलेली पिढी आमची. मिसेस डाउटफायर नंतर पाहिला आणि अर्ध्यात लक्षात आलं की अरे हा तर आपला चाची ४२०, म्हणजे खरं तर उलटं, कमल हासनने आधी तमिळमध्ये अव्वै शण्मुगी केला तो डाउटफायरवरून, आणि त्याचा हिंदी अवतार चाची. तर दुःख व्हायलाच पाहिजे, मलाही झालं होतं २०१४ ला. पण हा मेसेज दुःखाचा नाहीये, ही एक तयार गोष्ट आहे आणि त्या गोष्टीत बसावा म्हणून माणूस कापून कापून छोटा केलाय.

आता एकेक घेते.

'डिप्रेशनने त्याचा जीव घेतला.' हे कुठून आलं ते आधी बघा. ११ ऑगस्ट २०१४ ला तो कॅलिफोर्नियात आपल्या घरी गेला, वय ६३, आत्महत्या. त्याच दिवशी त्याच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या बाईंनी सांगितलं की अलीकडे तो गंभीर डिप्रेशनशी झगडत होता. ते खोटं नव्हतं. त्या घडीला माहीत होतं तेवढंच त्यांनी सांगितलं. पण बातमी तिथेच गोठली. नोव्हेंबरमध्ये कॉरोनरचा (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा) रिपोर्ट आला, त्यात दारू नाही, ड्रग्ज नाहीत, डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि तीही नेहमीच्या प्रमाणात (तोपर्यंत लोकांनी 'परत प्यायला लागला असणार' हे ठरवूनच टाकलेलं होतं). आणि मेंदूच्या तपासणीत जे निघालं ते त्याला स्वतःला जिवंतपणी कधीच कळलं नाही. लुई बॉडी डिमेन्शिया, मेंदूभर पसरलेला.

हे काय असतं ते सोप्यात सांगते, कारण मला ते नाइलाजाने शिकावं लागलं. अल्फा-सायन्युक्लिन नावाचं एक प्रोटीन मेंदूच्या पेशींमध्ये गुठळ्या करून बसतं, त्या गुठळ्यांना लुई बॉडी म्हणतात, १९१२ मध्ये ज्या डॉक्टरने त्या पहिल्यांदा नोंदवल्या त्याच्या नावावरून. पार्किन्सनमध्येही याच असतात, इथे त्या मेंदूच्या वरच्या भागातही पसरतात. मग हात थरथरणं, चाल बदलणं एवढ्यावर भागत नाही. झोप उडते, वास येईनासा होतो, पोट बिघडतं, भीती बसते, संशय येतो, नसलेली माणसं दिसतात, आज एकदम ठणठणीत आणि उद्या शर्टाचं बटण लावता येत नाही. आणि हो, डिप्रेशन. म्हणजे डिप्रेशन यातलंच एक लक्षण असू शकतं.

त्याच्या बायकोने, सुझन श्नायडर विल्यम्सने, २०१६ मध्ये न्यूरॉलॉजी नावाच्या डॉक्टर लोकांच्या जर्नलमध्ये लेख लिहिला. नाव 'माझ्या नवऱ्याच्या मेंदूतला दहशतवादी'. वाचाच. ऑक्टोबर २०१३ पासून एकेक लक्षण कसं येत गेलं ते सगळं त्यात आहे: पोटाची तक्रार, झोप नाही, डाव्या हाताला कंप, आणि सगळ्यात जास्त म्हणजे भीती, त्याच्या स्वभावाला न शोभणारी. एप्रिल २०१४ मध्ये व्हँकुव्हरला नाइट ॲट द म्युझियमच्या तिसऱ्या भागाचं शूटिंग चालू होतं आणि त्याला एक ओळ पाठ राहत नव्हती. एक ओळ हो! आणि तीनच वर्षांपूर्वी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, हाच माणूस शेकडो ओळी रोज न चुकता म्हणत होता. मे महिन्याच्या शेवटी पार्किन्सनचं निदान झालं. पण तेवढ्याने सगळं जुळत नव्हतं, आणि ते त्याला स्वतःला कळत होतं. त्याने डॉक्टरांना विचारलं, मला अल्झायमर आहे का, डिमेन्शिया आहे का, स्किझोफ्रेनिया आहे का? सगळ्याची उत्तरं नाही अशी आली. बायकोला म्हणायचा, मला माझा मेंदू रीबूट करायचाय. नंतर डॉक्टरांनी तिला सांगितलं की आम्ही पाहिलेल्या सगळ्यात वाईट केसेसपैकी ही एक.

आता याला 'डिप्रेशनने जीव घेतला' म्हणायचं का? मी असं म्हणत नाहीये की डिप्रेशन नव्हतंच, किंवा डिप्रेशनने माणूस मरत नाही, मरतो, आणि आत्महत्येमागे कधीच एकच कारण नसतं. पण सुझनने स्वतः मुलाखतीत सांगितलंय की पन्नासेक लक्षणांपैकी डिप्रेशन एक होतं आणि तेही छोटं. आणि रॉबिनला २००६ मध्ये रेडिओवर मुलाखत घेणाऱ्या टेरी ग्रॉसने थेट विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता की क्लिनिकल डिप्रेशन नाही, हिरमुसायला होतं अधूनमधून, जसं सगळ्यांनाच होतं. एकीकडे दोन वेळा घटस्फोट, सत्तर-ऐंशीच्या दशकातलं कोकेन, २००३ च्या सुमाराला वीस वर्षांनी परत धरलेली दारू, २००६ ला व्यसनमुक्ती केंद्र, २००९ ला हार्टचं ऑपरेशन, हे सगळं त्याने स्टेजवर उभं राहून जगाला सांगितलेलं आहे, हसत हसत सांगितलंय. तर 'आतलं दुःख लपवत होता' हे तरी कुठून आलं?

इथे जरा घरचं सांगते. माझे सासरे, एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बारा वर्षं झालेली. बोलण्यात असे की लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला भांडणं व्हायची. मग हळूहळू गप्प झाले. रात्री झोपेत हातपाय झाडायचे, ओरडायचे. आम्ही म्हटलं सासूबाई गेल्या त्याचं मनाला लागलंय. डॉक्टरांनीही तेच म्हटलं, डिप्रेशन आहे, वय झालंय, बोलतं ठेवा. आम्ही बोलतं ठेवलं! रोज कुणी ना कुणी येऊन 'काका हसा की जरा' करून जायचं. एक दिवस मला म्हणाले, दिवाणावर ती दोन पोरं बसलीयत त्यांना चहा दिलास का. दिवाणावर कुणी नव्हतं. एका हॉस्पिटलात दाखवलं, तिथे भास होतात म्हणून एक गोळी सुरू केली आणि तीन दिवसांत माणूस लाकडासारखा ताठ झाला. नंतर दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं की हे लुई बॉडीसारखं दिसतंय आणि या आजारात भासांवरची काही औषधं, हॅलोपेरिडॉलसारखी जुनी तर विशेष, फार महागात पडू शकतात. सुझनच्या लेखात पण आहे, एक अँटीसायकोटिक (असंच भासांवरचं औषध) दिल्यावर काही गोष्टी सुधारल्या आणि काही आणखीच बिघडल्या. ते वाक्य वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून होते.

म्हणून मला या फॉरवर्डचा राग येतो. म्हातारा माणूस गप्प झाला की 'आतून दुःखी असेल बिचारा' एवढ्यावर आपण थांबतो, कारण गोष्ट तशी ठरलेली आहे.

पुढचं वाक्य. 'कुणीतरी पाच मिनिटं बोललं असतं तर.' हे मला सगळ्यात क्रूर वाटतं आणि लिहिणाऱ्याला ते प्रेमळ वाटत असतं. अहो बोलत होते की सगळे! बायको बरोबर होती, डॉक्टर होते, तीन मोठी झालेली मुलं, चाळीस वर्षांचे मित्र. कोणी कमी पडलं नाही. कमी पडलं ते निदान, आणि लुई बॉडीचं पक्कं निदान तेव्हा मृत्यूनंतर मेंदू तपासूनच व्हायचं. बरं निदान झालं असतं तरी आजार थांबवणारं औषध नाहीच. 'विचारलं असतं तर' हे वाक्य ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांना एकदा वाचून दाखवा आणि त्यांचा चेहरा बघा. त्याची मुलगी झेल्डा (हो, व्हिडिओ गेमवरूनच नाव ठेवलंय, दोघं बापलेक गेमवेडे) तेव्हा पंचविशीतली, बाप गेल्यावर काही दिवसांत लोकांनी तिला ऑनलाइन इतका त्रास दिला की तिने ट्विटर बंद केलं होतं. आणि आता इतक्या वर्षांनी लोक तिला एआयने बनवलेले बापाचे व्हिडिओ पाठवतात, २०२५ मध्ये तिने परत हात जोडून सांगितलं की पाठवू नका. श्रद्धांजलीच म्हणून पाठवत असतील, दुसरं काय.

'पैसा प्रसिद्धी असूनही' यावर फार बोलायचं नाहीये. प्रोटीनला बँक बॅलन्स कळत नाही, संपलं.

'जे जास्त हसवतात तेच सगळ्यात दुःखी असतात.' आता हे आपल्याकडे फार लाडकं आहे. जोकर म्हटला की डोळ्याखाली रंगवलेला अश्रू पाहिजेच. पण मोजायचंच असेल तर सगळे मोजा ना. अमेरिकेचेच दोन विनोदी नट घ्या. बॉब होप शंभरी गाठून गेला. जॉर्ज बर्न्स शंभरी गाठून गेला. यांचे फॉरवर्ड येतात का? नाही येत, कारण 'आयुष्यभर लोकांना हसवलं आणि शंभराव्या वर्षी गेला' याच्याखाली गुलाबाचं फूल शोभत नाही. जे आपल्या गोष्टीत बसतात तेवढेच आपल्याला आठवतात.

आणि यात एक माणूस आहे जो मला या सगळ्या वादात फार महत्त्वाचा वाटतो, जोनाथन विंटर्स, हाही विनोदी नटच. रॉबिनचा गुरू म्हणा, दैवत म्हणा. रॉबिनच्या मॉर्क अँड मिंडी या टीव्ही मालिकेत शेवटी शेवटी त्याला मुद्दाम आणलं होतं, रॉबिनचा मुलगा म्हणून, म्हणजे बापापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा मुलगा, काय डोकं असेल बघा. तर या विंटर्सला खराखुरा मानसिक आजार होता, बायपोलर, १९६० च्या आसपास हॉस्पिटलात राहून आला होता, तेही त्या काळात जेव्हा असलं काही कोणी बोलायचं नाही. आणि तो गेला २०१३ मध्ये, ८७ वर्षांचा होऊन, नैसर्गिकपणे. मधली पन्नास वर्षं त्याने लोकांना हसवलं, चित्रं काढली, बायकोबरोबर संसार केला. आजार होता, उपचार घेतले, जगला. ही गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही आणि ज्याला आत्ता खरंच डिप्रेशन आहे त्याला नेमकी हीच गोष्ट हवीये.

शिवाय हसवणं म्हणजे मुखवटा, ही कल्पना मला मुळातच पटत नाही. हे काम आहे हो. रॉबिन विल्यम्स न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड या नामांकित कलाशाळेत शिकलेला नट होता, १९७३ ला तिथे गेला, ख्रिस्तोफर रीव्ह, म्हणजे आपला सुपरमॅन, त्याचा वर्गमित्र. तो उत्स्फूर्त वाटायचा त्याच्यामागे किती रियाज असेल. गुड मॉर्निंग व्हिएतनाममधली रेडिओवरची ती बडबड, अल्लादीनमधला जिनी, पन्नास आवाज एकामागून एक, हे 'आतून रडत' होत नसतं, हे डोकं अफाट वेगाने आणि आनंदाने चालत असताना होतं. आणि याच माणसाने डेड पोएट्स सोसायटी केला, अवेकनिंग्ज केला, गुड विल हंटिंगमध्ये कुणाचाही आवाज न काढता बाकावर बसून चार मिनिटं नुसतं बोलला आणि १९९८ ला ऑस्कर घेऊन गेला. (अवेकनिंग्जमध्ये तो मेंदूच्या आजाराने थिजलेल्या पेशंटचा डॉक्टर होता, हे आता आठवलं की कसंतरीच होतं.) गायकाच्या गळ्याला कोणी मुखवटा म्हणत नाही, मग विनोदाच्या नशिबीच हे का?

माझे सासरे त्या दिवाणावरच्या पोरांबद्दल पुढे काय म्हणाले सांगू? निदान झाल्यावर त्यांना समजावलं की ती पोरं खरी नाहीत, तर म्हणाले मग बरंय, हाफ तिकीट काढायला नको. आता यात मुखवटा कुठला आणि चेहरा कुठला, सांगा.

ती डॉक्टरची गोष्ट. एक माणूस डॉक्टरकडे जातो, म्हणतो मी फार उदास असतो, डॉक्टर म्हणतात गावात सर्कस आलीय तिथला विदूषक बघून या, माणूस म्हणतो डॉक्टर तो विदूषक मीच. फॉरवर्डमध्ये तो माणूस रॉबिन विल्यम्स आहे, मागे एकदा चार्ली चॅप्लिन होता. ही गोष्ट १९ व्या शतकापासून फिरतेय, तेव्हा ती लंडनच्या जोसेफ ग्रिमाल्डी नावाच्या विदूषकावर सांगायचे, तो बिचारा १८३७ मध्येच गेला. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षं तीच गोष्ट, फक्त पेशंट बदलतो. यावरून कळतं की गोष्टीला पेशंटशी काही घेणंदेणं नाही.

आणि ते त्याचं म्हणून टाकलेलं वाक्य. की आयुष्यात सगळ्यात वाईट म्हणजे शेवटी एकटं उरणं असं मला वाटायचं, पण सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला एकटं वाटायला लावणाऱ्या माणसांमध्ये उरणं. हे रॉबिन विल्यम्सचं वाक्य नाही. २००९ च्या वर्ल्ड्स ग्रेटेस्ट डॅड सिनेमातला डायलॉग आहे, लिहिलाय त्याच्या दोस्ताने, बॉबकॅट गोल्डथ्वेटने, रॉबिन फक्त ते पात्र करत होता. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, ऐकाच. तो सिनेमा कशावर आहे? एका शाळामास्तरचा पोरगा मरतो, बाप त्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहितो, मग खोटी डायरी, आणि जिवंतपणी ज्या पोराला कोणी विचारत नव्हतं त्याला अख्खी शाळा संत बनवते, त्याची वाक्यं छातीशी धरून रडते, जी त्याची नाहीतच! आणि नेमकं त्याच सिनेमातलं वाक्य उचलून आपण त्याच नटाच्या फोटोखाली त्याचं म्हणून चिकटवलं आणि रडलो. यावर त्यानेच वीस मिनिटं धमाल केली असती.

राहिलं 'अखेर मुक्त झाला'. हे आधी मराठीत नव्हतं, ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने त्याच रात्री जिनीचं चित्र टाकून 'जिनी, तू आता मोकळा आहेस' असं ट्वीट केलं होतं, अल्लादीनमधलाच जिनी सुटतो तो प्रसंग, कोट्यवधी लोकांपर्यंत गेलं. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेने तेव्हाच सांगितलं की हे फार धोक्याचं आहे, कारण जो माणूस आत्ता त्या काठावर उभा आहे त्याला यातून ऐकू येतं की ही सुटका आहे. आपल्याकडेही नव्वदीचे आजोबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून गेले की आपण म्हणतो सुटले बिचारे, त्यात माया असते, मीही म्हणते. पण तो शब्द तिथून उचलून इथे ठेवता येत नाही. कुठल्याच कुलुपातून तो सुटला नाही. आजारी होता आणि गेला.

आणि धोका म्हणजे नुसतं बोलायचं म्हणून नाही. कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१८ मध्ये अभ्यास छापला, त्यात असं निघालं की रॉबिन गेल्यानंतर ऑगस्ट ते डिसेंबर २०१४ या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा १,८४१ आत्महत्या जास्त झाल्या, जवळपास १० टक्के वाढ, त्यातही पुरुष आणि तिशी ते चव्वेचाळीस वयातले जास्त. त्यातली प्रत्येक याच बातमीमुळे असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, अभ्यास करणारेही सांगत नाहीत. पण असल्या बातम्या कशा द्याव्यात याचे जागतिक आरोग्य संघटनेने नियम केलेत ते काही उगाच नाहीत: कसं केलं ते सांगू नका, एकच कारण चिकटवू नका, सुटका म्हणून रंगवू नका, मदत कुठे मिळेल ते सांगा. आपल्या चॅनेलांनी २०२० मध्ये सुशांत सिंह राजपूतच्या वेळी यातलं काय काय पाळलं ते सगळ्यांनी बघितलंय. या फॉरवर्डमध्ये तर मदतीचा नंबर कुठेच नाही, गुलाब तेवढा आहे. म्हणून इथे टाकते: टेलिमानस, १४४१६, सरकारी, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात.

एवढं सगळं मी ग्रुपवर नाही टाकलं, टाकलं असतं तर मला काढलंच असतं. मी फक्त रीव्हची गोष्ट टाकली. १९९५ च्या मे महिन्यात सुपरमॅन घोड्यावरून पडला, मान मोडली, मानेखाली काही हलेना, मोठं ऑपरेशन व्हायचं होतं आणि जगायचं की नाही या विचारात पडून होता. तेवढ्यात खोलीत एक माणूस घुसला, निळी टोपी, पिवळा गाऊन, रशियन उच्चार, म्हणे मी तुमचा डॉक्टर आणि मला तुमची मागच्या बाजूने तपासणी करायचीय. तो रॉबिन होता. अपघातानंतर रीव्ह पहिल्यांदा हसला तो तेव्हा, आणि त्याने पुढे सांगितलंय की तिथेच वाटलं आता आपलं काहीतरी जमेल.

चुलत सासऱ्यांनी त्याच्याखाली एक गुलाब टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो ब्लॅक अँड व्हाइट फोटो मावशींच्या भिशीच्या ग्रुपवरून परत आला.